एकशे एक रुपये, व्याज सोमवारी

कर्ज फेडायला किती खर्च येतो याची मला कल्पना नव्हती. कर्जाची रक्कम मी म्हणत नाही, ती तर वहीत लिहिलेलीच होती. फेडण्याचा खर्च म्हणते आहे.

आप्पा, माझे वडील, चैत्रात गेले. दसरा उलटल्यावर दुकानातला माल निकाली काढायला मी औशाहून बीडला आले. निघताना यजमान म्हणाले, "सगळं उरकून ये. मागं काही ठेवू नको." तशी मी उरकत होते. चिंच, गूळ, खोबरं आणि हळद यांचा ढीग बार्शीच्या एका व्यापाऱ्यानं उचलला आणि एकशे एक कलदार रुपये माझ्या ओंजळीत टाकले. नेमके एकशे एक. त्याच दिवशी दुपारी गल्ल्याच्या खालच्या खणात आप्पांची खासगी वही सापडली. तिच्या पहिल्याच पानावर त्यांच्या बारीक, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं:

"अण्णाराव पानमळेवाले यांचे रुपये एकशे एक घेतले. मुद्दल सवडीने. व्याज दर सोमवारी, चुकवायचे नाही. चिठ्ठी त्यांचेकडे आहे. फसली सन १३२०."

मी ते चारदा वाचलं. आप्पांनी कर्ज काढलं होतं, यावर चारदा वाचूनही विश्वास बसेना. पेठेत कुणी उसनवारी केली तर आप्पा त्याला अर्धा तास बसवून घेत आणि न मागता सल्ला देत. लोक त्यांच्या दुकानासमोरून उधारीची पिशवी पदराखाली धरून जात. अशा माणसाच्या सहीची चिठ्ठी चौदा वर्षं दुसऱ्याच्या पेटीत पडून होती.

कार्तिकी पौर्णिमेला अठरा दिवस होते. त्या दिवशी कपिलधारच्या यात्रेला आमच्या समाजाची सगळी माणसं जमतात आणि आप्पांची चौकशी करणारी शंभर तोंडं मला भेटणार होती. त्यांच्यापुढं उभं राहीन ती आप्पांचं नाव कुणाच्याही कागदावर न ठेवता, असं मी तिथंच ठरवलं. फार बरं वाटलं. सात महिन्यांत आप्पांसाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांची पगडी खुंटीवर होती, ती मी रोज झटकत असे, एवढंच. आता एक काम मिळालं. पैसे हातात होते, अण्णाकाकांचं घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. दिवेलागणीच्या आत सगळं संपेल असा माझा अंदाज होता.

चूक एवढीच झाली की निघताना मी शेजारच्या मोहनरावांना वही दाखवली.

मोहनराव तहसिलीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. कागद दिसला की त्यांची पाठ आपोआप ताठ होते. त्यांनी चष्मा पुसला, ओळ वाचली आणि खोल आवाजात म्हणाले, "व्याज दर सोमवारी. म्हणजे हप्तेवारी व्याज. ताई, हे फार जालीम असतं."

"किती असेल?"

"कमीत कमी धरू. रुपयाला आठवड्याला एक पैसा. चौदा वर्षांचे सोमवार सातशे अठ्ठावीस." त्यांनी पेन्सिल ओली केली. "सरळ व्याजानं अकराशे अठ्ठेचाळीस रुपये चौदा आणे. आता चक्रवाढ धरलं तर..." ते थोडा वेळ लिहीत राहिले. मग म्हणाले, "जरा दुसरा कागद द्या."

मी दुसरा कागद दिला नाही. आप्पांनी 'चुकवायचे नाही' असं लिहिलं म्हणजे त्यांनी ते चुकवलं नसणार, एवढं मला माहीत होतं. लहानपणी दर सोमवारी दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्या जात. अण्णाकाका पानांची जुडी घेऊन येत आणि आप्पा मला सांगत, "हिशेब असतो, आत यायचं नाही." अडीच-तीन तास तो हिशेब चाले. बाहेर येताना अण्णाकाकांचे डोळे लाल असत. सावकाराचे डोळे लाल का, हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही आणि पुढं पडायच्या आत माझं लग्न झालं.

मोहनरावांनी दुसरी शंका काढली. "बरं, हे पैसे कलदार आहेत. वहीत नुसतं 'रुपये' लिहिलंय. आपण निजाम सरकारच्या मुलखात राहतो. इथं रुपया म्हणजे हाली. इंग्रजी रुपयानं कर्ज फेडलंत तर जास्त जातील. सोळा-सतरा रुपयांचं नुकसान. पंचाक्षरीआप्पांना चाललं असतं का?"

आप्पांना चाललं नसतं. मी सराफ रामकिसन शेटजींकडं गेले. एकशे एक कलदार दिले आणि बट्टा कापून एकशे सोळा हाली घेतले. नाणी पिशवीत वाजत होती, मी झपाझप चालत होते. वाटेत छबुबाई भेटल्या. या समोरच्या घरातल्या. स्वतःचं घर सोडून सगळ्या पेठेचा संसार बघतात.

"काय गं माय, येवढ्या तरातरा कुठं?"

मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "हाली? अगं, हाली घेऊन गेलीस तर त्यो अण्णाराव दारात उभं करन का? सावकार लोक कलदारच देतेत अन् कलदारच घेतेत. माझ्या दिराचं दोन बिघे रान ह्याच्यातच गेलं. आदी कलदार कर, मग जा."

त्यांच्या दिराचं रान कशात गेलं हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं, पण मी वाद घातला नाही. परत सराफाकडं गेले. एकशे सोळा हालीचे साडेअठ्ठ्याण्णव कलदार आले. अडीच रुपये मधल्या मध्ये कुठं गेले असं मी विचारलं. रामकिसन शेटजी नम्रपणे म्हणाले, "बट्टा हाय बाईसाहेब. जाताना बी लागतो, येताना बी लागतो."

आता माझ्याकडं अडीच रुपये कमी होते. तरी म्हटलं, आधी भेटू तर खरं, उरलेले उद्या देता येतील.

अण्णाकाकांच्या दारात शिवगंगाकाकू आडव्या आल्या. "ह्ये माजलगावच्या बाजाराला गेल्यात."

उंबऱ्याजवळ अण्णाकाकांचा जोडा होता. मी त्याच्याकडं पाहिलं, काकूंनीही पाहिलं. "दुसरा घालून गेल्यात," त्या म्हणाल्या. पेठेत दोन जोडे बाळगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गेले तर ते नारायणगडाला गेले होते. काकू हे सांगत असतानाच आतून जोराचा ठसका आला.

"म्हैस हाय," काकू म्हणाल्या.

ठसका पुन्हा आला आणि त्यामागून "शिव शिव शिव" असा आवाज. ठसका लागल्यावर म्हैस शिवाचं नाव घेते हे मला नवीन होतं. पण आम्हा शिवभक्तांच्या घरची म्हैस, असेलही.

तिसऱ्या दिवशी मी सरळ पानमळ्यात गेले. वेलांच्या रांगांतून अण्णाकाका खुडणी करताना स्पष्ट दिसत होते. अण्णाकाका अंगानं भरदार, चारचौघांत उठून दिसणारे, आमच्या समाजाचे पंच. मी हाक मारली, "अण्णाकाका, तुमचे पैसे आणलेत." त्यांनी एकदा वळून पाहिलं आणि मनगटाएवढ्या जाडीच्या एका शेवरीच्या झाडामागं ते उभे राहिले. डोळे मिटून. शेवरीच्या दोन्ही बाजूंनी बरेच अण्णाकाका उरले होते. मी थोडा वेळ उभी राहिले. माणूस इतक्या मनापासून लपला असेल तर त्याला शोधून काढणं बरं दिसत नाही. मी परत आले.

पण मनातून चिडले होते. ज्या माणसाचं देणं आहे त्यानं पळावं आणि ज्याचं येणं आहे त्यानं पाठलाग करावा, अशी जगाची रीत. इथं मी देणेकरी, पैशांची पिशवी घेऊन गावभर सावकाराच्या मागं धावत होते आणि लोक ओट्यावर बसून बघत होते. छबुबाई तर मला रोज विचारत, "आज कुठपतूर पळविलास?"

मठातल्या स्वामींना विचारलं. ते म्हणाले, "तुझे वडील लिंगैक्य झाले. ते शिवात मिळाले. शिवाला कसलं देणं?" मी नमस्कार करून उठले. मी दारापर्यंत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "पण चिठ्ठी परत घेतलेली बरी."

मग मोहनरावांनी तो उपाय सांगितला. सावकार पैसे घेत नसेल तर सरकारात भरावेत, पावती सरकार देतं. त्यासाठी एक छोटासा अर्ज करायचा. आणि सरकारात पैसे भरायचे म्हणजे अर्थात हाली.

सराफाच्या पेढीवर मला पाहताच रामकिसन शेटजींनी गादी झटकून दिली आणि मुनिमाला चहा सांगितला. "बाईसाहेब, तुमी दुकान बंद करू नका म्हनतो म्या. लई बरकत हाय तुमच्या हाताला." साडेअठ्ठ्याण्णव कलदारचे एकशे तेरा हाली झाले. बरकत कुणाच्या हाताला होती ते मी बोलून दाखवलं नाही. चहा मात्र प्याले. त्याचे पैसे मीच दिले होते, एका अर्थानं.

कचेरीबाहेर लिंबाखाली अर्ज लिहून देणारे मीरसाहेब बसत. पांढरी दाढी, बोरूचं टोक कानात.

"फर्माइये बाईसाहेब. तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. मला एकांचे पैसे द्यायचे आहेत."

"यायचे आहेत."

"द्यायचे आहेत."

त्यांनी बोरू खाली ठेवला. "मग अर्ज कशाला? देऊन टाका."

"ते घेत नाहीत."

मीरसाहेबांचा चेहरा उजळला. "हां. म्हणजे तक्रार आहे."

तीस वर्षं त्या झाडाखाली त्यांनी फक्त तक्रारी लिहिल्या होत्या. वाटणीच्या, बांधाच्या, म्हशीच्या. मी जे जे सांगितलं ते त्यांनी मान हलवत ऐकलं आणि उर्दूत भराभर लिहिलं. मी विचारलं, "एवढं लांब?" ते म्हणाले, "कचेरीला आखूड कागद आवडत नाही."

कागद माझ्यापुढं ठेवला. मी बाळबोध वाचते, मोडी वाचते, कानडी अडखळत का होईना वाचते. औशाला आमच्या आळीत कुणाचंही पत्र आलं की ते माझ्याकडं येतं. त्या कागदावरची एक रेघ मला वाचता आली नाही. उजवीकडून डावीकडं सुंदर वेलबुट्टी होती आणि खाली कोपऱ्यात माझ्या सहीसाठी जागा. माणूस अंगठा उठवतो तेव्हा त्याला काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. मी सही केली. स्टँप आणि लिहिणावळ मिळून एक रुपया गेला. उरले एकशे बारा.

कचेरीत अर्ज सहा महिने हलत नाही असा सगळ्यांचा अनुभव. माझा तीन दिवसांत हलला. सावकार पैसे घेत नाही असा अर्ज तिथं पूर्वी कधी आलाच नव्हता. प्रत्येकानं तो वाचायला मागितला आणि त्या नादात तो एका मेजावरून दुसऱ्या मेजावर आपोआप सरकत गेला. चौथ्या दिवशी चपराशी नोटीस आणि अर्जाची नक्कल घेऊन पानमळ्यात गेला. त्याच्यापुढं शेवरीमागं लपण्याचा उपयोग झाला नाही.

तो दिवस सोमवार होता. दुपारी दुकानाच्या फळ्या लावून मी आत आवराआवर करत होते. कुणीतरी फळीवर थाप मारली. तीन थापा, मग एक. लहानपणी ऐकलेली. हातातलं सूप खाली ठेवायला मला जरा वेळ लागला.

अण्णाकाका दारात उभे होते. एका हातात पानांची जुडी, दुसऱ्या हातात कागद.

"माज्यावर दावा केलास?" ते म्हणाले. "अदालतीत? चपराशी आला, समद्या गड्यांच्या म्होरं. कावून? काय वंगाळ केलं म्या?"

"काका, दावा नाही. फक्त पैसे भरायचा अर्ज आहे."

"काय लिवलंय यात?"

मी कागद हातात घेतला. तो त्यांनाही वाचता येत नव्हता आणि मलाही. आम्ही दोघं त्याच्याकडं पाहत उभे राहिलो. तेवढ्यात मोहनराव आलेच. भिंतीला कान असतीलही, आमच्या भिंतीला मोहनराव होते. त्यांनी कागद घेतला, पाठ ताठ केली आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागले.

"मुद्दई, म्हणजे फिर्यादी, मुसम्मात महादेवी, म्हणजे या ताई, ही गरीब व निराधार... मुद्दालेह अण्णाराव, म्हणजे तुम्ही, जो धनदांडगा व कठोर काळजाचा असून..."

"म्या?"

"तुम्ही. '...त्यानं मयत पंचाक्षरी याचं चौदा वर्षं दर सोमवारी रक्त शोषलं आणि आता...'"

"थांबा," मी म्हणाले.

"कायद्याची भाषा आहे ताई. असं लिहावंच लागतं."

अण्णाकाका गुळाच्या रिकाम्या पेटीवर बसले. पेटी करकरली. पंचांच्या बैठकीत दहा माणसांना गप्प करणारा तो माणूस जुडीतलं एक पान काढून त्याच्या शिरा बोटानं पुसत राहिला.

"आप्पाचं रगत म्या पिलो," ते शेवटी म्हणाले. "बरं झालं, आप्पा न्हाई ऐकायला."

"काका, मी तसं सांगितलं नव्हतं. मला ते वाचता आलं नाही आणि मी सही केली."

त्यांनी मान वर केली. "तुला वाचता आलं न्हाई?"

"नाही."

हे ऐकून त्यांना कसलासा धीर आला. मोहनरावांकडं पाहत ते म्हणाले, "मोहनराव, तुमच्या घरी कुनी आलंय जनू."

"कोणी नाही," मोहनराव म्हणाले आणि पोत्यावर बसले.

"मग ऐका तुमी बी. कदी ना कदी भाईर पडनारच." अण्णाकाकांनी खालच्या आवाजात सुरुवात केली. "तू आकरा-बारा वर्सांची व्हतीस. आप्पा आला, म्हनला, अण्णा, पोरगी दुकानात पुड्या बांधायची रद्दी वाचत बसती. तिला पुन्याहून बुकं मागवायचीत. लोखंडी पेटी भरून. पैसे दे."

मला ती पेटी आठवली. त्रेचाळीस पुस्तकं. पुण्याच्या व्यापाऱ्यानं चिंचेच्या मोठ्या खरेदीबद्दल भेट पाठवली, असं आप्पांनी मला सांगितलं होतं. चिंचेबद्दल कुणी कादंबऱ्या भेट देत नाही हे मला सव्वीस वर्षं वय झाल्यावरही सुचलं नव्हतं, आणि मी स्वतःला वाचलेली बाई समजत होते.

"म्या म्हनलं, देतो. व्याज मातर घेनार. तुज्या पोरीची वाचून झाली की ती बुकं मला वाचून दाखीव. दर सोमवारी. पर कुनाला कळू द्यायचं न्हाई." त्यांनी मोहनरावांकडं चोरटं पाहिलं. "पंच मानूस म्या. राजकन्येच्या गोष्टी ऐकतो म्हनल्यावर लोक काय म्हनतेन?"

मोहनरावांनी चष्मा पुसला. त्यांच्या नोकरीत त्यांना असा कागद कधी मिळाला नव्हता.

"समदी बुकं दोन येळा झाली. तिसऱ्यांदा चालू व्हती. मुद्दल आप्पानं तीनदा आनलं. दोनदा म्या घेतलं न्हाई. तिसऱ्यांदा त्यो स्वताच परत घिऊन गेला. म्हनला, राहू दे अण्णा, फिटलं तर तू कशाला येशील."

फळीच्या फटीतून उन्हाची एक रेघ पगडीवर पडली होती. मी तिकडं पाहिलं आणि मग पिशवी उचलून अण्णाकाकांपुढं ठेवली. ठरवलेलं काम पुरं करायचं होतं.

"हे घ्या. एकशे बारा हाली आहेत."

"हाली?" त्यांनी पिशवीला हातही लावला नाही. "म्या कलदार दिल्ते. पुन्याचा बुकवाला हाली घेतो व्हय?"

मोहनरावांची पेन्सिल तयारच होती. त्यांनी भिंतीवरच हिशेब केला, बट्टा न धरता. "एकशे बारा हालीचे बरोबर शहाण्णव कलदार."

"मंजे पाच कमी," अण्णाकाका म्हणाले.

"पाच कमी."

त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. भर उन्हाळ्यात पानमळ्यात पाट सोडल्यावर वेलांचं जे होतं तसं काहीसं. "मग चिठ्ठी कशी फाडावी? पाच रुपये बाकी असताना? न्हाई फाडता येत. व्हय ना वो मोहनराव?"

"कायद्यानं नाही फाडता येत," मोहनराव गंभीरपणे म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी दिलेला हा पहिला उपयोगी सल्ला.

"अन् मुद्दल बाकी मंजे व्याज बी चालू. चैतापासनं थकलंय. किती सोमवार झाले?"

"तीस," मी म्हणाले. ते मला मोजावे लागले नाहीत.

माझ्या पदराच्या गाठीत पाच कलदार होते. कपिलधारच्या गाडीभाड्यासाठी वेगळे ठेवलेले. हात गाठीपर्यंत गेला. एक ओढ दिली असती तर गाठ सुटली असती आणि आप्पांचं नाव त्याच क्षणी कागदावरून उतरलं असतं. मी पदर खोचून घेतला.

"सध्या नाहीत माझ्याजवळ," मी म्हणाले. उभ्या आयुष्यात आप्पांनी जे वाक्य कुणाला ऐकवलं नसेल ते त्यांच्याच दुकानात मी बोलले, आणि जीभ अडखळली नाही.

"असू दे, असू दे. सवडीनं दे," अण्णाकाका घाईघाईनं म्हणाले. त्यांनी पिशवी ठेवून घेतली आणि कोपऱ्यातलं घोंगडं स्वतःच ओढून अंथरलं. ते कुठं असतं हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. फडताळाच्या वरच्या फळीकडं बोट दाखवत म्हणाले, "त्ये. निळ्या पुठ्ठ्याचं."

पुस्तकात खूण म्हणून विड्याचं वाळलेलं पान होतं. पान काळं पडलं होतं, पण देठ शाबूत होता. राजकन्या नावेत बसली होती आणि नदीला पूर येत होता. आप्पांनी चैत्रात तिला तिथंच सोडलं होतं.

"तिसऱ्यांदा ऐकताय ना काका? पुढं काय होतं ते ठाऊक असेल."

"ठाऊक हाय. ती बुडत न्हाई. पर तरी जरा बेगीनं वाच. सात महिनं झालं, पान्यात हाय बिचारी."

मी वाचू लागले. पहिल्या पानाला आवाज नीट लागला नाही, दुसऱ्या पानाला लागला. मोहनरावांनी उठून फळी आतून घट्ट ओढून घेतली आणि परत पोत्यावर येऊन बसले. नाव काठाला लागेपर्यंत मी थांबले नाही. अण्णाकाकांचे डोळे लाल झाले होते. माझ्या डोळ्यांकडं बघायला तिथं मोकळं कुणी नव्हतं.

पौर्णिमेला कपिलधारला गेले. आप्पांचं काही राहिलं का, असं ज्यांनी विचारलं त्यांना मी मान वर करून सांगितलं की हो, पाच रुपये राहिलेत. मीरसाहेबांना आणखी एक रुपया देऊन अर्ज मागं घेतला. या वेळी सही करण्याआधी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतला.

औशाला पत्र मात्र त्या सोमवारी रात्रीच टाकलं होतं. यजमानांना लिहिलं, माल सगळा गेला, गल्ला रिकामा झाला, पण आप्पांचं एक जुनं देणं निघालं आहे आणि ते मलाच फेडावं लागेल. लगेच येता येणार नाही. अजून एकोणतीस सोमवार लागतील.